नकाशापूर्वीचे काम

नव्या इमारतीसाठी आपण सढळ हाताने निधी दिला. मग अद्याप पाया का खोदला गेला नाही, असे अनेक देणगीदारांनी आम्हांस विचारले. प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वास्तुविशारदाने नकाशा काढण्यापूर्वी, इमारतीकडून आपणांस नेमके काय हवे हे लेखी ठरवावे लागते. अमेरिकेतील वास्तुविशारद विल्यम पेन्या व त्यांच्या सहकाऱ्याने १९६९ साली या कामाच्या पाच पायऱ्या मांडल्या : उद्दिष्टे, वस्तुस्थिती, संकल्पना, गरजा आणि अखेरीस प्रश्नाची नेमकी मांडणी. आधी प्रश्न शोधावा, मगच उत्तर रेखाटावे, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय.

आम्ही प्रथम प्रत्येक विभागाकडून मागण्यांची यादी घेतली. त्यांची बेरीज उपलब्ध निधीत बसणे शक्य नव्हते. तेव्हा ‘किती खोल्या हव्यात?’ याऐवजी ‘येथे रोज काय घडते?’ असे आम्ही विचारू लागलो. केसपेपर काढण्यापासून औषध हाती पडेपर्यंत आम्ही रुग्णांसोबत चालून पाहिले.

काही निर्णय तर पुढे ढकलताच येत नाहीत. किरणोपचाराच्या यंत्रासाठी काँक्रीटच्या अतिशय जाड भिंती लागतात आणि त्या खोलीच्या आराखड्यास अणुऊर्जा नियामक परिषदेची मंजुरी बांधकामापूर्वीच घ्यावी लागते. कागदावरची रेघ रबराने पुसता येते. उभी भिंत पाडावयाची तर दात्यांचाच पैसा खर्ची पडतो.

सर्वांत मोलाची सूचना मात्र कोणत्याच यादीत नव्हती. रात्रपाळीच्या एका सिस्टरांनी विचारले, “नातेवाईक झोपणार कुठे?” जिन्याखाली चटई अंथरून रात्र काढणारी माणसे आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो, परंतु त्यांची गरज कोणत्याही विभागाच्या नावे नोंदलेली नव्हती. अखेर विशेष खोल्यांची संख्या कमी करून नातेवाइकांसाठी स्वच्छतागृहासह विश्रांतिकक्ष ठेवण्याचे आम्ही ठरविले. विशेष खोल्यांपासून मिळणारे उत्पन्न त्यामुळे घटेल, याची आम्हांस जाणीव आहे.

हे गरजपत्रक विश्वस्त मंडळाने मंजूर केले असून आता नकाशाचे काम सुरू झाले आहे. यापुढे त्यात बदल करावयाचा झाल्यास त्याचे कारण व वाढीव खर्च लेखी नोंदविला जाईल.