अबोल नायक आणि आपली मुले



आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेसाठी यंदा कोणती पुस्तके घ्यावीत, याची यादी करण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले. दिवसभर बँकेच्या काउंटरवर लोकांच्या नोटा मोजणाऱ्या माणसाला असे काम म्हणजे मेजवानीच. यादीत चरित्रे होती, स्पर्धा परीक्षांची पुस्तके होती आणि शेवटी आठ-दहा कादंबऱ्या व आत्मकथने होती. यादी वाचून झाल्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाकी सर्व ठीक आहे, पण ही शेवटची पुस्तके कशाला? यातला एकही पोरगा धड बोलत नाही. कोणी नापास होतो, कोणी वर्गात अंग चोरून बसतो, कोणी नाव सांगायला लाजतो. आपल्या मुलांनी मान वर करून बोलावे म्हणून आपण हयात घालवली. त्यांना हे बुजरे नायक कशाला द्यायचे?"

प्रश्न रास्त होता आणि विचारणारे गृहस्थ चळवळीत आयुष्य काढलेले. आम्हाला त्या बैठकीत उत्तर देता आले नाही. घरी पोहोचल्यावर उत्तर सुचले, हे आमचे नेहमीचेच. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटले, तेच उत्तर लिहून काढावे.

प्रथम ही पुस्तके कोणती ते सांगतो. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली, तेव्हा लेखक स्वतः पंचविशीतले होते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, तिथे ना रमतो ना यशस्वी होतो आणि गावी परततो. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' (१९९४) आणि पुढच्या कथासंग्रहांतला लंपन आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या भागात आजी-आजोबांकडे वाढतो. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात नववीत आहे. वर्गातल्या शिरोडकरवर त्याचे मन जडले आहे आणि तिच्यासमोर आले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. २०१२ साली तिच्यावर चित्रपट आला तेव्हा पुष्कळ मुले पडद्यावरून पुस्तकाकडे वळली. इंग्रजी माध्यमातली आपली मुले 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' (१९९९) वाचतात. वॉलफ्लॉवर म्हणजे समारंभात भिंतीला टेकून दुसऱ्यांची मौज पाहणारा. त्यातला चार्ली एका अनोळखी मित्राला पत्रे लिहितो.

ही पुस्तके शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. सर्वांत 'मी' बोलतो. नाटकात किंवा चित्रपटात न बोलणारा मुलगा कोपऱ्यात उभा राहतो आणि बोलणारी पात्रे भाव खाऊन जातात. कादंबरीत मात्र जो वर्गात तोंड उघडत नाही तोच तीनशे पाने बोलतो. बाहेरून मुखदुर्बळ असलेला हा मुलगा आतून किती बारकाईने पाहतो, मास्तरांच्या लकबी कशा टिपतो, स्वतःलाही कसा हसतो, हे सर्व वाचकाला कळते. स्वतः अबोल असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपण मठ्ठ नाही याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठे मिळणार? घरचे म्हणतात, "हा काही बोलतच नाही." पुस्तक त्याला दाखवते की न बोलणाऱ्याच्या डोक्यात केवढी गर्दी असते.

बी.ए.ला मानसशास्त्र हा आमचा दुय्यम विषय होता. डेव्हिड एल्किंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली किशोरवयाबद्दल दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे, या वयात मुलाच्या मनात सतत एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. चेहऱ्यावरची पुटकुळी, विरलेली कॉलर, चुकलेला उच्चार सगळे जग पाहत आहे, असे त्याला वाटते. दुसरी म्हणजे, आपल्या मनात चालले आहे तसे कोणाच्याच मनात आजवर चाललेले नाही, अशी त्याची खात्री असते. बुजऱ्या नायकाची कादंबरी या दोन्हींना हात घालते. मुकुंद जोशीलाही सगळे आपल्याकडेच पाहतात असे वाटते, आणि वाचणाऱ्याला ते सहज दिसते की कोणी पाहत नाही, ज्याचा तो आपल्याच विवंचनेत आहे. ते पाहता पाहता स्वतःचीही गाठ थोडी सैल होते. आणि आपले गुपित चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलालाही ठाऊक होते, हे कळल्यावर एकटेपणा कमी होतो.

इथपर्यंत पुस्तकी विद्या ठीक चालते. पुढे ती आपल्याला पुरत नाही, कारण एल्किंडचा प्रेक्षकवर्ग काल्पनिक आहे. आपल्यापैकी अनेकांचा काल्पनिक नव्हता.

१९९४ साली, आम्ही आठवीत असताना, आमच्या वडिलांनी घाटकोपरच्या चाळीतली खोली सोडली आणि आम्ही नेरूळला सिडकोच्या घरात आलो. शाळा नवीन, मुले नवीन. तिसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षक शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन आले आणि नावे वाचतो त्यांनी उभे राहा म्हणाले. आम्ही काहीजण उभे राहिलो. शिक्षकांच्या मनात वाईट नव्हते, त्यांना काम उरकायचे होते. पण मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच काही बोलले आणि हशा पिकला. काय बोलले ते ऐकू आले नाही. ऐकू आले असते तर बरे झाले असते, कारण न ऐकलेल्या त्या वाक्याच्या जागी आम्ही पुढे कितीतरी वाक्ये घालून पाहिली. दहावी होईपर्यंत वर्गात आम्ही हात वर केला नाही. प्रगतिपुस्तकावर शेरा असे, 'शांत व गुणी विद्यार्थी'. वडील तो अभिमानाने दाखवीत.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी ग्रंथालयात दया पवार यांचे 'बलुतं' हाती लागले. हे १९७८ चे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण अठराव्या वर्षी आम्ही ते कादंबरीसारखेच वाचले. धामणगावचा, मुंबईच्या कावाखान्यातला, संगमनेरच्या बोर्डिंगातला दगडू मारुती पवार त्यात आपली हकीकत दया पवारांना सांगतो. म्हणजे एकच माणूस दोन झाला आहे. एक कचेरीत जाणारा, कविता लिहिणारा, चारचौघांत वावरणारा, आणि दुसरा त्याच्या आत दबून बसलेला मुलगा. आम्हाला तेव्हा पहिल्यांदा उमगले की आपला बुजरेपणा हा आपला स्वभाव नसून तो आपल्यात कोणीतरी घातलेला आहे, आणि घातला आहे म्हणजे त्याला तारीख आहे, ठिकाण आहे. पांडुरंग सांगवीकर खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा. तो जगापासून तुटतो तो आपल्या वृत्तीने. दगडूला जगाने आधीच बाहेर ठेवले होते. आपली मुले दोघांनाही आपला म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही. मात्र दोघांमधला फरक त्यांना कोणीतरी सांगायला हवा. तो न सांगितल्यास मूल सगळा दोष स्वतःच्या माथी घेते.

आमच्या ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप नवा नाही. दलित आत्मकथने येऊ लागली तेव्हाही आपल्यातल्या काहींनी हा उकिरडा कशाला उकरता, असे विचारले होते. त्यांचे म्हणणे, मुलांना बाबासाहेबांचे चरित्र द्या. जरूर द्यावे, आम्हीही देतो. पण मुले त्यातल्या कोणत्या पानावर थांबतात ते पाहिले आहे का? सुमारे १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली, नवे कपडे घालून मसूर स्टेशनात उतरलेली मुले. न्यायला कोणी आलेले नाही, जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, गाडीवाले गाडीत घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे, असे ठरते. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आमच्या अनुभवात, घटनेच्या शिल्पकाराचे कौतुक मुले सवयीने ऐकतात, पण फलाटावरच्या त्या मुलापाशी आली की वाचता वाचता गप्प होतात.

आता थोडे घरातले. आमची मुलगी नववीत आहे. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर डबा खाईनाशी झाली. डबा तसाच घरी येई. विचारले तर "काही नाही, बाबा." तिची आई दोनदा शाळेत जाऊन आली, काही कळले नाही. त्या दिवसांत ती 'शाळा' वाचत होती, गणिताच्या गाइडखाली झाकून. इंग्रजी माध्यमामुळे मराठी सावकाश वाचते, म्हणून पुस्तक महिनाभर चालले. संपल्यावर रागाने म्हणाली, "यात शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठे आहे? सगळं त्या मुलालाच वाटतं."

आम्ही चाट पडलो. वीस वर्षांत आम्हाला हा प्रश्न पडला नव्हता. खरेच आहे, या बहुतेक कादंबऱ्यांत मुलगी दिसते ती मुलाच्या डोळ्यांनी. आम्ही तिला ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) दिले. रत्नागिरीकडची, बांबूची सुपे-टोपल्या विणणाऱ्या आईची मुलगी. शाळेत शेण काढण्याची पाळी तिच्यावर येते, ती नकार देते, मास्तर गालावर थप्पड मारतात, आणि ओटीवर विणत बसलेली आई मास्तरांना जाब विचारते. ते प्रकरण वाचून झाल्यावर रात्री जेवताना मुलीने डब्याची गोष्ट सांगितली. एका मुलीने तिच्या डब्यातल्या सुकटीवरून आणि मग आडनावावरून काही विचारले होते. यावेळी वाक्य ऐकू आले होते. तिने ते आम्हाला जसेच्या तसे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे शाळेत गेलो. बोलली मात्र तीच.

पुस्तकाने बुजरेपणा जातो, असा आमचा दावा नाही. आम्ही अजूनही बैठकीत बोलायच्या आधी मनात वाक्य दोनदा म्हणून पाहतो. आणि प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाला चालते असेही नाही. 'कोसला' नववीच्या मुलाला देऊ नये, अकरावीनंतर द्यावी. आम्ही स्वतः ती पहिल्यांदा अर्ध्यावर ठेवली होती. पालकांना एकच विनंती, मुलाने असे पुस्तक संपविल्यावर "यातून काय शिकलास?" असे लगेच विचारू नका. ते त्याला परीक्षेसारखे वाटते. ज्यांना अधिक वाचायचे आहे त्यांनी ऐरोलीला सेक्टर १५ मधील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाचे ग्रंथालयही अवश्य पाहावे.

असो. यादी अखेर थोड्या काटछाटीने मंजूर झाली. 'बलुतं' पैशांअभावी गळाले, म्हणून आम्ही आमची कॉलेजातली जुनी प्रत अभ्यासिकेला दिली. दहावीतला एक मुलगा ती घेऊन गेला. नोंदवहीत सही करताना त्याने मान वर केली नाही. पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचे, उशिराला दिवसाला एक रुपया दंड, हा नियम आम्हीच केलेला आहे आणि बँकेतल्या माणसाला नियम मोडलेला खपत नाही. पुस्तक नेऊन दोन महिने होत आले. दंडाचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.