दुसऱ्याच्या हद्दीतला आरोपी

राजूरच्या आठवडे बाजारातून एका दूधवाल्याची मोटारसायकल चोरीला गेली आणि तीन महिन्यांनी गुजरातेत सापडली. आरोपीचा वकील मी होतो. फाइलमधला जप्ती पंचनामा गुजरातीत, कार्बन कॉपी, खालच्या ओळी पुसट. दुसऱ्या पंचाची सही आहे की अंगठा, हेही धड कळत नव्हते. सोबत जोडलेल्या मराठी भाषांतरात चासी नंबरातला एक आकडा चुकला होता. इथून गेलेल्या पोलिसांनी तिकडच्या ठाण्यात नोंद केली, तिकडच्या मॅजिस्ट्रेटसमोर आरोपीला उभे करून ट्रान्झिट रिमांड घेतला, मुद्देमाल ताब्यात घेतला आणि घोटीमार्गे परत आले. सगळे रीतसर झाले होते. पंच मात्र आले नाहीत. तीन वेळा समन्स गेले, तीन तारखा पडल्या. चौथ्या तारखेनंतर आरोपी सुटला.

दूधवाला कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबला होता. एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, गाडी तर माझीच होती ना?"

एकच कायदा आणि एकच सर्वोच्च न्यायालय असलेल्या दोन राज्यांत ही गत. दहशतवादाच्या खटल्यात मधे परका देश येतो, तेव्हा काय होत असेल? त्या दिवसापासून मी असे खटले वकिलाच्या नजरेने वाचतो आहे. आरोपी आणला, ही बातमी पहिल्या पानावर येते. तो कोणत्या अटीवर आणला, हे शोधावे लागते.

अबू सालेमचे घ्या. १२ मार्च १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. सालेम २००२मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि आमरण कैदही नाही, म्हणून त्याला ताब्यात देताना त्या देशाने हमी मागितली. तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी डिसेंबर २००२मध्ये ती दिली: फाशी होणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास होणार नाही. नोव्हेंबर २००५मध्ये तो भारतात आला. पुढे आपल्याकडे त्याच्यावर जादा कलमे लावली गेली, तेव्हा पोर्तुगालच्या न्यायालयांनी अट मोडल्याचा ठपका ठेवला आणि काही आरोप आपल्याला मागे घ्यावे लागले. सप्टेंबर २०१७मध्ये निकाल लागला. एकाच खटल्यात ताहिर मर्चंट आणि फिरोज खान यांना फाशी, सालेमला जन्मठेप. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २५ वर्षे भरल्यावर केंद्राला दिलेला शब्द पाळावाच लागेल.

मला यात गैर वाटत नाही. शब्द दिला नसता तर माणूसच आला नसता. पण स्फोटात घरचा माणूस गमावलेल्या किती जणांना ही हमी त्याच वेळी कोणी समजावून सांगितली?

डेव्हिड हेडलीच्या बाबतीत किंमत याहून मोठी पडली. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याआधी त्याने मुंबईची टेहळणी केली होती. हाच माणूस पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. ऑक्टोबर २००९मध्ये तो शिकागोत पकडला गेला. मार्च २०१०मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात त्याला फाशी नाही, भारताच्या ताब्यात देणेही नाही, असे ठरले. सौदा अमेरिकी सरकार आणि हेडली यांच्यात झाला. १६६ जीव मुंबईत गेले होते, त्यांच्या वतीने त्या टेबलावर कोणीही नव्हते.

आपल्या वाट्याला त्याची साक्ष आली. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात न्या. जी. ए. सानप यांच्यासमोर त्याने व्हिडिओवरून जबाब दिला. सरकारतर्फे उज्ज्वल निकम होते. तिकडे रात्र, म्हणून इकडे सकाळी लवकर कामकाज सुरू होई. मधेच एके दिवशी तिकडची जोडणी मिळेना, तेव्हा कोर्टाला तो दिवस सोडून द्यावा लागला. तरीही साक्ष मोलाची होती. दाऊद गिलानी हे नाव आपण कशासाठी बदलले, लष्कर-ए-तैयबाचे आधीचे दोन प्रयत्न कसे फसले, हे त्याने शपथेवर सांगितले. पाकिस्तानात बसलेल्यांची नावे न्यायालयाच्या नोंदीत आली, ती या सहकार्यामुळेच. याच हल्ल्यातला आरोपी, गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी याला २०१२मध्ये सौदी अरेबियाने भारताकडे पाठवले, त्यातही अशाच सहकार्याचा वाटा होता. पाकिस्तानी पासपोर्टवर फिरणारा हा माणूस बीड जिल्ह्यातलाच, हे नातेवाइकांच्या डीएनएवरून पटवावे लागले होते.

आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्या माणसाला विसरता येत नाही. राजूरजवळचे देवगाव हे राघोजी भांगरे यांचे गाव. इंग्रजांच्या दप्तरात ते दरोडेखोर. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. आमच्यासाठी ते आद्यक्रांतिकारक आहेत. सत्ता कुणाला काय नाव देते यावर माणसाचा जीव ठरतो, म्हणून प्रत्यार्पण करारांत राजकीय गुन्ह्यांचा अपवाद असतो. १९९७च्या भारत-अमेरिका करारातही तो आहे. आणि विमान अपहरण, ओलीस ठेवणे यांना ती पळवाट मिळणार नाही, हेही तिथेच लिहिले आहे. रेल्वे स्थानकावर बायकापोरांवर गोळ्या झाडणाऱ्यांना राघोजींच्या नावाची सावलीही मिळता कामा नये. हा फरक कागदावर नेमका मांडला जातो, एवढ्यासाठी तरी मी अशा करारांच्या बाजूने आहे.

माझी मागणी छोटी आहे. सरकारने परक्या देशाला हमी दिली की ती त्याच दिवशी मराठीत, हिंदीत छापून पीडितांच्या घरी पोहोचवावी. आरोपी कुठल्या अटीवर येतो आहे, कोण येणारच नाही, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळू नये.

याच हल्ल्यातला आरोपी, हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत उतरला, हल्ल्यानंतर १६ वर्षे साडेचार महिन्यांनी. हेडलीला झालेली ३५ वर्षांची शिक्षा अमेरिकेच्या न्यायालयाची आहे.