प्लॅटिपस आणि आपल्या ओहोळातला खेकडा



गुरुजींनी आम्हाला पुस्तकात प्लॅटिपस नावाच्या प्राण्याचे चित्र दाखवले. तो ऑस्ट्रेलियात राहतो. चोच बदकासारखी आणि अंगावर दाट केस! मादी अंडी घालते आणि पिल्लांना दूधही पाजते. आम्ही सगळे हसलो. गुरुजी म्हणाले, "हसू नका. त्याला नदीत काय काय लागते ते ऐका. तसेच लागणारा आपल्या गावातला प्राणी शोधा."

प्लॅटिपसला गोडे पाणी लागते. तो काठाच्या मातीत बीळ खणतो. झाडांच्या मुळांनी काठ घट्ट राहतो, म्हणून बीळ ढासळत नाही. पाण्यात तो डोळे-कान मिटून घेतो आणि चोचीने तळातले किडे शोधून खातो. पाणी आटले किंवा काठ ढासळला की त्याचे घर गेले आणि खाणेही गेले.

मी खूप विचार केला. मला आपल्या ओहोळातला खेकडा सापडला. त्याला काय लागते ते सांगतो.

१. ओल : खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो. कल्ले ओले असले तर तो जमिनीवरही फिरतो. सुकले तर मरतो.

२. काठ : खेकडा काठाला खोल बीळ करतो. उन्हाळ्यात ओहोळ आटला तरी बिळाच्या तळाला ओल असते. तिथे तो गप बसून राहतो. पहिला पाऊस पडला की बाहेर येतो.

३. दगड : खेकडा वाढतो तेव्हा जुने कवच टाकतो. नवे कवच आधी मऊ असते. तेव्हा तो दगडाखाली नाहीतर बिळात लपतो, नाहीतर बगळा त्याला खाईल.

४. पाला : काठावरच्या उंबराचा, करंजाचा पाला पाण्यात कुजतो. खेकडा तो खातो. किडे आणि मेलेले मासेही खातो. म्हणजे तो ओहोळाची झाडलोटच करतो.

आता खरी गंमत. खाडीतल्या चिंबोरीची पिल्ले आधी समुद्राच्या पाण्यात तरंगतात, दूर दूर जातात. पण ओहोळातल्या खेकड्याची मादी अंडी पोटाखाली धरून ठेवते. त्यांतून इवले इवले खेकडेच बाहेर येतात. ते काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात आणि मग त्याच ओहोळात वाढतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी मासे धरायला डोहात पावडर टाकली. सकाळी मासे पांढरे होऊन तरंगत होते. एक खेकडी उलटी पडली होती. तिच्या पोटाखाली पिल्ले होती, तीपण मेली होती. मला रडू आले. आजाने आम्हाला त्यातले काहीच घरी आणू दिले नाही. तो म्हणाला, "पोरा, पिल्लांची खेकडी आम्ही कधी धरत नव्हतो. हाती आली तर सोडून द्यायचो."

चिंबोरी समुद्रातून परत येईल. पण आपल्या ओहोळातला खेकडा संपला तर समुद्र तो आणून देणार नाही.

सन १९९१ मध्ये सरकारने आपला डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. म्हणजे आपण तर जास्तच जपायला पाहिजे. मित्रांनो, डोहात पावडर टाकू नका, कोणाला टाकू देऊ नका. काठाची झाडे तोडू नका. उचललेला दगड परत होता तसा ठेवा. पिल्लांची खेकडी दिसली तर सोडून द्या.

प्लॅटिपस आपल्याला कधी दिसणार नाही. पण खेकडा रोज दिसावा असे मला वाटते.

— इयत्ता ४ थी