पंचवीस वर्षांची एक वार्ता

विद्यापीठांच्या यशाच्या वार्ता आपण वृत्तपत्रांत नेहमींच वाचतों. अमक्या विद्यार्थ्यास सुवर्णपदक, तमक्या प्राध्यापकांस पारितोषिक, एखाद्या नव्या इमारतीचें उद्घाटन, असा तो मजकूर असतो. आपण तो वाचतों, घरांतील मुलांना वाचून दाखवितों, आणि दुसऱ्या दिवशीं विसरून जातों. मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. विद्यापीठाच्या दाराशीं मुलें पोंचवावयाचीं आणि आपण परत फिरावयाचें, हाच माझा जन्माचा व्यवसाय. त्यामुळें विद्यापीठाचें मोठेपण कशांत असतें, हा प्रश्न मला अगत्याचा वाटतो. आज एकाच वार्तेच्या आधारें त्याचा विचार करूं.

पुण्याचें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें; २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव आहे. गणेशखिंडींतील त्याच्या आवारांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें रेडिओ खगोलशास्त्राचें राष्ट्रीय केंद्र आहे. तें विद्यापीठाचा विभाग नव्हे, विद्यापीठाच्या अंगणांतला शेजारी आहे. जुन्नर तालुक्यांत नारायणगांवानजीक खोडद येथें ह्या केंद्राची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांपैकीं चौदा मध्यभागीं व सोळा तीन दिशांस दूरवर पसरलेल्या, असा तिचा विस्तार आहे. ही दुर्बीण प्रकाश पाहत नाहीं. आपल्या घरच्या यंत्रावर हें भाषण ज्या जातीच्या लहरींनीं येत आहे, त्याच जातीच्या, परंतु आकाशांतून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी ती टिपते.

२९ जून २०२३ रोजीं ह्या केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं, देशांतील अन्य संस्थांच्या व जपानमधील कुमामोतो विद्यापीठाच्या सहकाऱ्यांनीं, आणि युरोपांतील खगोलज्ञांनीं मिळून एक निवेदन केलें. विश्वांत अतिशय मंद अशा गुरुत्वलहरींची एक सततची गुणगुण भरून राहिली असल्याचा पुरावा मिळाला, असें त्याचें तात्पर्य होतें. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीन येथील मंडळ्यांनींही आपापले तसेच निष्कर्ष त्याच सुमारास प्रसिद्ध केले.

ही गुणगुण ऐकावयाची कशी? आकाशांत कांहीं मृत तारे स्वतःभोंवतीं अतिवेगानें फिरतात. त्यांना स्पंदक म्हणतात. त्यांतील कांहीं तर सेकंदांत शेंकडों फेरे घेतात. दीपगृहाच्या झोताप्रमाणें त्यांचा रेडिओ-झोत प्रत्येक फेऱ्यास पृथ्वीवरून जातो, आणि तो इतका नियमित असतो कीं, हे तारे म्हणजे निसर्गाचीं घड्याळेंच होत. गुरुत्वलहर अवकाशालाच किंचित् ताणते व आखडते. मग घड्याळाचा ठोका थोडा आधीं वा थोडा उशिरां पोंचतो. हा फरक सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान! शिवाय ह्या लहरींच्या एकेका हेलकाव्यास वर्षानुवर्षें लागतात. म्हणून पंचवीस स्पंदकांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी जमवाव्या लागल्या. एकमेकांभोंवतीं फिरणाऱ्या महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या ह्या लहरी उठवीत असाव्यात, असें शास्त्रज्ञ मानतात.

ह्या कार्यांत सहा मोठ्या दुर्बिणी होत्या. पांच युरोपांतल्या, सहावी खोडदची. खोडदच्या नोंदी सुमारें साडेतीन वर्षांच्याच. मग तिचें महत्त्व कोणतें? अंतराळ अगदीं रिकामें नाहीं. त्यांत विद्युत्कण विखुरलेले आहेत, व त्यांतून येतांना कमी कंपनांच्या लहरी मागें रेंगाळतात. एकाच दिंडींतून निघालेले तरुण आणि वृद्ध वारकरी मुक्कामास वेगवेगळ्या वेळीं पोंचावे, तसा हा प्रकार. दोघांच्या येण्यांतलें अंतर मोजलें, तर वाटेनें किती विलंब केला हें कळतें व तो हिशेबांतून वजा करतां येतो. ह्या कमी कंपनांच्या लहरी टिपण्यांत खोडदचा हातखंडा आहे. तिनें वाटेचा दोष काढून दिला, म्हणून घड्याळाचा दोष निराळा दिसूं लागला.

येथें एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. शास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणें 'शोध' म्हणण्यास जितकी खात्री लागते, तितकी अद्याप झालेली नव्हती. म्हणून पंचवीस वर्षें खपूनही त्या मंडळींनीं 'पुरावा' एवढाच शब्द वापरला. गणितांत एक पायरी गाळून उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण आम्ही शिक्षक कापतों. तोच नियम ह्या थोर माणसांनीं स्वतःस लावून घेतला.

परंतु ह्या यशाची किंमत केवळ विद्वानच देतात असें नाहीं. अशा दुर्बिणीस भोंवतालीं रेडिओची शांतता लागते; विजेच्या यंत्रांचा गोंगाट तिला बाधतो. पुणें-नाशिक जलद रेल्वेचा आखलेला मार्ग त्या भागांतून जात होता. दुर्बिणीच्या हितासाठीं त्यास हरकत घेतली गेली. २०२५च्या सुमारास रेल्वेखात्यानें दुसऱ्या मार्गाचा विचार चालविला, तेव्हां तेथील लोकांनीं आपली नाराजी उघड बोलून दाखविली. ती अडाणीपणाची म्हणून झिडकारणें योग्य नव्हे. कांदा-टोमॅटो पिकविणाऱ्यास बाजारपेठ जवळ हवी, आणि ताऱ्यांचें घड्याळ ऐकणाऱ्यास शांतता हवी. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. ज्याच्याकडे आपण त्याग मागतों, त्याला तो कशासाठीं हें त्याच्या भाषेंत समजावून सांगणें हें विद्वानांचें कर्तव्य आहे. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्तानें खोडदला विज्ञान-प्रदर्शन भरत आलें आहे, व आसपासच्या शाळांतील मुलें तेथें येतात, ह्याचें मोल म्हणूनच मोठें. मात्र मुलांना थाळ्या दाखविल्यानें वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर होत नाहीं. त्यांच्यासाठीं दळणवळणाची दुसरी सोय झालीच पाहिजे.

तेव्हां श्रोते हो, विद्यापीठाच्या यशाची पुढची वार्ता वाचाल, तेव्हां मुलांना केवळ पारितोषिकाचें नांव सांगूं नका. ह्या कामास वर्षें किती लागलीं, हात किती लागले, अजून काय सिद्ध व्हावयाचें राहिलें, आणि ह्यासाठीं कोणीं काय सोसलें, हे चार प्रश्न त्यांना विचारावयास शिकवा. ज्या वार्तेला ह्या चारही प्रश्नांचीं प्रामाणिक उत्तरें देतां येतील, ती दुसऱ्या दिवशीं विसरली जाणार नाहीं. एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.