तार, कुलूप आणि संशय

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या गावांत दुपारी अर्धी घरं कुलूपबंद असतात. माणसं बांधीत, दाराला कुलूप. अशा घरात चोरी झाली की पंचनाम्यात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हमखास एकच गोष्ट येते: कोयंडा उचकटलेला, नाहीतर कुलूप तोडलेलं. चोराच्या हातात टॉमी असते, पहार असते, फार तर कटर. आवाज होतो, पण दोन मिनिटांत काम उरकतं. कुलपाशी अर्धा तास हळुवार खेळत बसायला त्याला सवड नसते आणि गरजही नसते.

तरीही गल्लीतला एखादा मुलगा हॅक्सॉचं जुनं पातं घासून कुलूप उघडायचा आकडा करतोय, असं कळलं की त्याच्याकडे बघायची लोकांची नजर बदलते. ‘हे धंदे कशाला शिकतोस?’ हा पहिला प्रश्न. त्यामागचा पहिला गैरसमज असा की, किल्लीशिवाय कुलूप उघडणं ही चोरांची विद्या आहे. प्रत्यक्षात ही विद्या कुलूप बनवणाऱ्यांची आणि किल्लीवाल्यांची आहे. गेल्या काही दशकांत ती छंद म्हणून जगभर पसरली. जर्मनीत हॅम्बुर्गला १९९७ मध्ये या छंदाची रीतसर संघटना निघाली, त्यानंतर नेदरलँड्समध्ये निघाली, आणि आता कुलूप उघडण्याच्या स्पर्धाही होतात. छंद करणाऱ्यांचे दोन नियम सगळीकडे सारखेच आहेत. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. आणि जे आपलंच आहे पण रोजच्या वापरात आहे, त्यावरही सराव करायचा नाही. दुसरा नियम पुष्कळांना चमत्कारिक वाटतो. पण चुकीच्या दाबानं पिना घासल्या जातात, स्प्रिंग मुडपते, आणि मग आपल्याच घराबाहेर किल्लीवाल्याची वाट बघत उभं राहावं लागतं.

दुसरा गैरसमज सिनेमानं घट्ट केलाय. नायिकेच्या केसांतली एक पिन काढली, कुलपात घालून फिरवली, खट्ट, झालं. एकट्या तारेनं असं होत नाही, आणि का होत नाही हे कळण्यासाठी कुलपाच्या पोटात डोकावलं पाहिजे. भंडाऱ्याच्या वाचकाला तर ते मुद्दाम दाखवावंसं वाटतं, कारण कुलपाच्या आतलं बरंचसं काम पितळेचं असतं. गुंड, घागरी, गंज घडवणारं शहर म्हणून भंडारा ओळखलं गेलं. पुढे स्टीलनं ती बाजारपेठ खाल्ली, पण पितळ म्हणजे काय हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भांड्यासाठी पत्र्याला आकार येईल असं पितळ लागतं. कुलपासाठी कातायला सोपं हवं, म्हणून त्यात बहुधा थोडं शिसं असतं. दोन्हीकडे गुण तोच: लोखंडासारखं गंजत नाही.

सिलिंडरच्या कुलपात एका पितळी घरात गोल गाभा बसवलेला असतो. त्या दोघांतून आरपार गेलेली पाच-सहा भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरची पिन अर्धी गाभ्यात आणि अर्धी बाहेरच्या घरात उतरून बसते, म्हणून गाभा फिरत नाही. किल्लीचे दात प्रत्येक जोडी नेमकी इतकीच उचलतात, की दोन पिनांमधला सांधा गाभ्याच्या काठाशी येतो. सगळे सांधे एकाच वेळी त्या काठावर आले की गाभा मोकळा. अमेरिकेतल्या लिनस येल ज्युनिअरनं १८६० च्या दशकात या रचनेला आजचं रूप दिलं. पिना उचलून कुलूप उघडायची मूळ युक्ती मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होती.

किल्लीशिवाय हे उघडता येतं ते भोकं कातताना राहिलेल्या फरकामुळे. यंत्र कितीही चांगलं असलं तरी सगळी भोकं तंतोतंत एका रेषेत येत नाहीत, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरक राहतोच. गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, आधी एखादीच आवळते. ती शोधून उचलली की बोटाला बारीकशी टक् जाणवते आणि गाभा नावापुरता सरकतो. मग पुढची. म्हणजे अवजारं दोन लागतात: एक पीळ धरून ठेवणारं आणि दुसरं पिना उचलणारं. नवखा माणूस नेहमी पीळ जास्त देतो. मग सगळ्याच पिना आवळतात आणि बोटाला काही कळेनासं होतं. म्हणून शिकणारे जुनं कुलूप खोलून त्यात एकच पिन ठेवतात, मग दोन, मग तीन. घाई चालत नाही. ही कला आहे ती बोटांच्या कानांची.

‘अवजारं विकतचीच लागतात, घरी बनवलेली कामाची नसतात’ असंही म्हणतात. हॅक्सॉचं पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं, आणि बाजारातली पुष्कळशी अवजारंही जवळपास तेवढ्याच जाडीची असतात. खरी मेख वेगळीच आहे. ग्राइंडरवर पातं तापून त्यावर निळसर झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजावं, मग ते कुलपात वाकून बसतं. म्हणून थोडं घासायचं आणि पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा बुडवायचं. शेवटचा हात कानशीनं आणि पॉलिश पेपरनं, कारण कडेला राहिलेला बारीकसा खरबरीतपणाही पिनेला अडतो आणि बोटाला खोटी खबर देतो. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड करणारी मुलं सुरुवातीला दिवसेंदिवस कानस चालवायला शिकतात. हा छंद त्याच शिस्तीचा आहे. मला यात संशयापेक्षा कारागिरीच जास्त दिसते.

आता कायदा. इथे दोन उलटसुलट गैरसमज आहेत, आणि छंद करणाऱ्यानं दोन्ही समजून घ्यायला हवेत. काहींना वाटतं, असलं अवजार नुसतं घरात असलं तरी गुन्हा. काहींना वाटतं, चोरी केली नाही म्हणजे कुणी काही विचारू शकत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ असं सांगतं की, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय कुणाजवळ सापडलं, तर तो शिक्षापात्र आहे, आणि कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच आहे. अर्थ साधा आहे. अवजारांची पेटी घरच्या टेबलावर ठेवावी. रात्री खिशात घालून बसस्टँडवर हिंडू नये.

दुसऱ्याच्या दाराचं म्हणाल, तर ‘काही तोडलं नाही, म्हणजे घरफोडी नाही’ हा समज तर साफ चूक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये, आणि त्याआधी १८६० च्या दंड संहितेतही, गुन्ह्यासाठी घरात शिरताना कुलूप उघडणं हीच घरफोडी मानली आहे. कायद्यातली उदाहरणं बोलकी आहेत: दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणारा घरफोड्याच, आणि मालकाची हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिनं दार उघडून आत शिरणाराही घरफोड्याच.

‘हे ज्ञान पसरवलं तर चोर हुशार होतील’ ही भीती मात्र मनापासूनची असते, आणि तिला उत्तर द्यायला लंडनचं १८५१ चं महाप्रदर्शन आठवावं लागतं. तिथे आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. उघडायचा प्रयत्न झाल्याचं मालकाला कळवणारं चब कंपनीचं प्रसिद्ध कुलूप त्यानं सुमारे २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा या दुसऱ्या नामांकित कुलूपवाल्याच्या दुकानात तर १७९० पासून एक कुलूप मांडलेलं होतं: उघडेल त्याला २०० गिनी. हॉब्सनं त्यावर १६ दिवसांत मिळून ५१ तास घालवले आणि तेही उघडलं. इंग्लंडभर गदारोळ झाला. ही माहिती लपवून ठेवायला हवी होती, असं अनेकांना वाटलं. हॉब्सच्या १८५३ च्या पुस्तकाची बाजू उलटी होती: चोरांना ही माहिती आधीपासूनच असते, अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा. त्या नामुष्कीनंतर कुलूपवाल्यांना आपली रचना सुधारणं भाग पडलं. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९७ मध्ये, आर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून मुंबईच्या लालबागेत कुलपं बनवायला सुरुवात केली. मला हॉब्सचं म्हणणं पटतं. आपल्या दाराचं कुलूप किती टिकेल हे ठाऊक नसणं म्हणजे सुरक्षितता नव्हे.

दुकानात ‘सात लिव्हरचं द्या’ म्हणून कुलूप मागायची आपली सवयही जरा तपासायला हवी. लिव्हर म्हणजे पिनांऐवजी किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. त्या जास्त असल्या की उघडणाऱ्याचं काम वाढतं, हे खरं. पण नुसत्या आकड्यावरून कुलपाचा कस कळत नाही. लिव्हर किती अचूक कापलेत, वरची कडी कठीण पोलादाची आहे की नाही, कडी आणि कोयंडा यांच्यात टॉमी घुसायला फट किती राहते, हे सगळं तेवढंच महत्त्वाचं. पावसाळ्यात कुलूप जाम झालं की त्यात खोबरेल किंवा गोडेतेल सोडायची रीत घरोघरी आहे. त्यानं दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ चिकटून आत चिखल होतो. सिलिंडरच्या कुलपाला कोरडी ग्रॅफाइटची पूड चालते, आणि शिसपेन्सिलीत तीच असते.

आणि खर्च करायचाच असेल तर आधी कोयंड्याकडे बघा. मऊ लाकडात अर्ध्या इंची स्क्रूवर बसवलेला कोयंडा एका हिसक्यात हातात येतो, मग त्याला कितीही महागाचं कुलूप लावा. दारातून आरपार नट-बोल्ट घ्यावेत, आतल्या बाजूला पट्टी द्यावी, आणि कुलूप लावल्यावर बोल्टची डोकी झाकली जातील असाच कोयंडा निवडावा. हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो, आणि बसवायला सुताराला तासभर लागतो.