राष्ट्रीय उद्यानातील गर्दी आणि फाटकाबाहेरचा धंदा

आम्ही राहतो मरोळला. मरोळ-मरोशी रस्त्याने आरे ओलांडले की गोरेगाव, आणि तिथून पुढे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तिकडे जाणारी कुटुंबे आपल्या मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. फाटकाबाहेर चणे, काकडी, टोप्या, खेळणी विकून पोट भरणारेही बरेच. त्यामुळे जंगलात माणसे मोजून सोडावीत, असे कोणी म्हटले की धंदेवाईक माणूस आधी दचकतो. गिऱ्हाईकच कमी झाले तर खायचे काय? आम्हीही गिऱ्हाइकावरच जगतो, म्हणून हा हिशेब नीट समजून घेतला.

हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. आत विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आहेत, त्यांचे पाणी आजही मुंबईला मिळते. कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत, आणि बिबटे आहेत. गर्दीने नुकसान होते ते कसे? लोक वाट सोडून चालतात, माती दबून टणक होते, पावसाचे पाणी आत मुरत नाही, वरची माती घेऊन ते वाहून जाते. उरलेले खाणे टाकले की त्यावर माकडे आणि भटकी कुत्री येतात. आणि कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य. २००४ साली या परिसरात माणसांवर हल्ले वाढले, त्यामागे अनेक कारणे होती. परंतु कचऱ्यामागे कुत्रा आणि कुत्र्यामागे बिबट्या, हे वस्तीजवळ राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता माणसे मोजायची कशी? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन थांबवले होते. ऑक्टोबरमध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्यात गणिताची रीत दिली आहे. समजा, जंगलात ४० किलोमीटर रस्ता आहे आणि दोन गाड्यांत अर्धा किलोमीटर अंतर हवे. म्हणजे एका वेळी ८० गाड्या. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तर १६०. हा झाला नुसत्या जागेचा आकडा. त्यातून धुपलेला रस्ता, जनावरांच्या पाणवठ्याचा भाग, पावसाचे दिवस वजा करायचे. समजा, निम्मे गेले, ८० उरल्या. मग शेवटचा सवाल: सांभाळायला माणसे किती? चाळीस रखवालदार हवेत आणि वीसच असतील, तर गाड्या ४०.

आम्हाला या शेवटच्या पायरीत अर्थ दिसतो. जागा वाढत नाही, पण रखवालदार, वाटाडे, सफाईवाले वाढू शकतात. आसपासच्या मुलांना हे काम दिले तर मर्यादेचा आकडाही वर सरकतो आणि रोजगारही होतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालण्यात आली आणि आगाऊ नोंदणी सुरू झाली. खडकावर मातीचा पातळ थर, त्यात ही फुले येतात. पायाखाली गेली की संपली. यातली धंद्याची बाजू पाहा. उद्या किती माणसे येणार हे आज कळले तर भजीवाला त्या बेताने पीठ भिजवतो. बोरिवलीला उलट आहे. रविवारी माल कमी पडतो, सोमवारी उद्यानच बंद, आणि बुधवारी काकडी सुकून जाते. रविवारची काही गर्दी बाकीच्या दिवसांत वाटली गेली तर किरकोळ विक्रेत्याचे आठवड्याचे उत्पन्न घटेलच असे नाही.

भीती आम्हाला दुसरीच वाटते. जागा मोजक्या झाल्या की दर चढवायचा मोह होतो. ताडोबात जिप्सीतून वाघ बघायचा तर काही हजार रुपये लागतात. बोरिवलीत तसे झाले तर शिंप्याचे, फेरीवाल्याचे कुटुंब बाहेरच राहील. मर्यादा घालायची तर वेळ वाटून घाला, दर चढवून नको. आणि मर्यादा येण्याआधी फाटकावरच्या जुन्या विक्रेत्यांची यादी तयार झाली पाहिजे, नाहीतर एकच मोठा ठेकेदार सगळे दुकान मांडून बसतो. हे आपल्या लोकांनी अर्ज करून आधीच मागावे.

आमच्या कापडाच्या धंद्याचे थोडे सांगतो. जंगलात प्लास्टिकवर नजर कडक होत चालली आहे, तेव्हा कापडी पिशवीला मागणी राहणार. उरलेल्या तुकड्यांतून ती निघते, शिवणकाम घरबसल्या होते. परंतु २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या वेळी एका घाऊकवाल्याने आमच्या गळ्यात "कापडी" म्हणून जो माल मारला, तो न विणलेला पॉलिप्रॉपिलिन निघाला, म्हणजे प्लास्टिकच. गठ्ठे तसेच पडून राहिले. तेव्हापासून माल उचलण्याआधी आम्ही कडेचा एक धागा काढून काडी लावतो. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरता येते. वितळून त्याची टणक गुठळी झाली, तर माल परत.