मीटर रात्री काय सांगतं?

आजचा एपिसोड मोहर्लीतून. मंगळवार आहे, ताडोबाचं गेट बंद, त्यामुळे मागे जिप्सींचा आवाज नाही. जो घरघराट ऐकू येतोय तो कूलरचा. तो बंद करणार नाही, सॉरी, मे महिना आहे.

आजच्या विषयाला सुट्टीचा दिवसच बरा. प्रश्न असा: सरकारी इमारत बंद असते तेव्हा ती किती वीज खाते?

बिलावरून हे कळत नाही. महिन्याला एकच आकडा येतो. मे मध्ये तो फुगला की "ऊन किती होतं!" म्हणायचं, आणि विषय संपला. पण संध्याकाळी ७ ला एक रीडिंग आणि सकाळी ७ ला दुसरं घेतलं, तर मधला फरक म्हणजे कोणी नसताना जळलेली वीज. याला बेस लोड म्हणतात. सेन्सर नको, ॲप नको, मोबाईलवर मीटरचे दोन फोटो पुरे.

मी हे आमच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी इमारतीत करून पाहिलं. नाव सांगत नाही, कारण तशा इमारती पुष्कळ आहेत. तिथला चौकीदार मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा. पहिल्या रात्रीचा फरक आला १.१. मी खूश! बारा तासांत फक्त सव्वा युनिटच्या आत? मग बिल एवढं कसं?

बीटेक करून मी चुकलो ते इथे. महावितरणच्या बिलावर चालू रिडिंग आणि मागील रिडिंगच्या शेजारी 'गुणक अवयव' असा एक रकाना असतो. घरच्या बिलात तिथे १ असतो, म्हणून आपण बघतच नाही. मोठ्या इमारतीत सगळा करंट मीटरमधून जात नाही. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, त्याचा ठरावीक छोटा हिस्सा मीटरला दाखवतो. या इमारतीचा गुणक होता २०. म्हणजे १.१ नाही, २२ युनिट. एका रात्रीत, रिकाम्या इमारतीत.

मग वायरमनला घेऊन शोध सुरू केला. (एमसीबीला तुम्ही स्वतः हात लावू नका.) शनिवारी संध्याकाळी तो एकेक एमसीबी खाली करत होता आणि मी मीटरचा लाल दिवा बघत होतो. त्या दिव्याजवळ 'इम्प प्रति केडब्ल्यूएच' असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते. घरच्या मीटरवर ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. ५ सेकंद लागले तर २२५ वॅट. गुणक असेल तर त्याने गुणायचं. आज घरी करून बघा, फ्रिज सुरू झाला की दिवा कसा घाई करतो ते दिसेल.

सापडलं काय? दोन बंद खोल्यांत चालू राहिलेले कूलर आणि एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप. टाकी भरून पाणी नालीत जात होतं, मे महिन्यात! चौकीदार म्हणाला, "भाऊ, पंप तं रात्रभर चालूच राह्यते. बंद कराले कोन येते?" त्याला हे आधीपासून माहीत होतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पंपाला फ्लोट स्विच बसवला, कूलर बंद करायचं काम नेमून दिलं. २२ चे ८ युनिट झाले. उरलेल्यात वॉटर कूलर आहे. तो बंद करा असं मी म्हणालो नाही, रात्रीचे ड्रायव्हर तेच पाणी पितात.

रोजचे १४ म्हणजे महिन्याला ४२० युनिट. आता शेजारची जिल्हा परिषदेची शाळा घ्या. चार खोल्या, ७५ वॅटचे आठ जुने पंखे, दिवसाला सहा तास, वर एक टीव्ही: साधारण ४ युनिट रोज. म्हणजे चार महिन्यांची शाळा त्या नालीत जात होती. बिल थकलं म्हणून वीज तोडलेल्या शाळांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, म्हणून हा हिशोब मला टोचतो.

सरकारी इमारतींत एलईडी आणि कमी वॅटचे पंखे बसवायची ईईएसएलची योजना आहे. ऑफिस इमारतींना दर चौरस मीटरला वर्षाची युनिटं मोजून स्टार देण्याची बीईईची पद्धत २००९ पासून आहे. दोन्ही चांगल्या. पण जुना पंप चालू कोणी ठेवला, हे वर्षाच्या आकड्यात दिसत नाही. स्मार्ट मीटर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंद ठेवतात, त्यात दिसेल. फक्त तो आलेख कोणीतरी उघडायला हवा.

मोहर्लीजवळ इरई धरणाचं बॅकवॉटर आहे. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र याच धरणाचं पाणी घेतं. म्हणजे त्या पंपाने नालीत पाणी सोडलं आणि ते सोडायच्या विजेसाठी आणखी पाणी आणि कोळसा खर्च झाला.

मागच्या रविवारी फरक पुन्हा ०.९ आला. मी फोन केला. "फ्लोटमध्ये कचरा अडकला होता न भाऊ, मीच काढला. सोमवारचा फोटो पाहाचा."

पाहिला. ०.४.